रात्रीची लाईट, दिवसाची पेंग

भिगवणला दुपारी दोन वाजता कोणाकडे काम काढू नये. काम होत नाही असं नाही. होतं, पण करणारा अर्धवट झोपेत असतो, त्यामुळे ते निस्तरायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. झेरॉक्सवाला सातबाऱ्याची मागची कोरी बाजू काढून देतो आणि पैसे दोन्ही बाजूंचे घेतो. कृषी सेवा केंद्रातला पोरगा तणनाशकाची बाटली हातात ठेवत ‘जेवणानंतर दोन चमचे’ म्हणतो, कारण सकाळी तो मेडिकलमध्ये कामाला असतो. स्टँडच्या बाकड्यावर बारामतीच्या गाडीची वाट बघणारे चौघे एकमेकांच्या खांद्यावर इतके नीट रचलेले असतात, की गाडी लागली तरी आधी कोणी उठायचं हा पेच पडतो. मधला उठला तर दोन्ही टोकं कोसळणार.

पुण्याहून शंभरेक किलोमीटर गाडी मारत मासे खायला येणारी मंडळी हे पाहून म्हणतात, ‘काय निवांत गाव आहे हो!’ आणि चिलापीचा तुकडा मोडता मोडता हळूच ‘इथली माणसं जरा आळशीच, नाही?’ असंही म्हणतात. हे बोलणारे कोण, तर दुपारी एक ते चार शटर ओढून वामकुक्षी घेण्याला ज्यांनी शहराची ओळख बनवलं त्यांचे वंशज. पुण्यात दुपारी झोपलं की ती संस्कृती आणि भिगवणात झोपलं की आळस. आमचा माणूस रात्री कुठे होता, हे मात्र कोणी विचारत नाही.

तो उसात होता. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे सरकत आमच्या दाराशी आलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून मोटारी आल्या आणि मोटारींमागून थ्री फेज लाईटीचं वेळापत्रक आलं. हे वेळापत्रक फिरतं असतं. कधी दिवसाची लाईट, कधी रात्रीची. दिवसाची असली की माणूस सुखी. रात्रीची असली की बाराच्या सुमारास गमबूट चढवायचे, डोक्याला बॅटरी बांधायची, खांद्यावर खोरं टाकायचं आणि दारं धरायला निघायचं. खिशातल्या मोबाईलवर गाणं मोठ्याने लावायचं. ते करमणुकीसाठी नसतं, बिबट्याला कळावं म्हणून असतं. बिबट्याला गाण्यातलं काय कळतं माहीत नाही, पण रात्री दोन वाजता कर्कश आवाजात लावणी ऐकली तर मीही तिथून निघून जाईन.

दारं धरण्यात खरं काम थोडं आणि वाट बघणं फार. सरीत पाणी सोडायचं, ते टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसायचं, पोचलं की दार मोडून दुसऱ्या सरीला लावायचं. वाट बघताना डोळा लागतो. डोळा लागला की पाणी फुटतं, आणि फुटलेलं पाणी नेमकं भावकीच्या रानात शिरतं. दोन भावांत बोलणं का बंद आहे याच्या अनेक थोर कथा गावात सांगितल्या जातात. त्यातल्या किती कथांचं मूळ बांधावरच्या एका डुलकीत असेल, देव जाणे.

आमच्या आबांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, यावर जुनीच युक्ती धरलेली आहे. सरीच्या टोकाला पोत्यावर आडवं व्हायचं आणि पाय सरीत सोडून ठेवायचे. पाणी तळव्यांना लागलं की जाग येते. घड्याळ नको, गजर नको, बायकोची हाक नको. एकदा आबा असेच पाय सोडून पडले आणि पाच मिनिटांत डीपीवरचा फ्यूज उडाला. पाणी आलंच नाही. आबा थेट ऊन अंगावर आल्यावर उठले. सहा-सात तासांची सलग झोप झालेली. त्या दिवशी ते घरी इतके हसतमुख आले, कोणावर न खेकसता जेवले आणि नातवंडांना नावानिशी हाका मारल्या, की काकूंनी घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

आता ऑटोस्टार्टर आले आहेत. लाईट आली की मोटार आपली आपण चालू होते. माणूस मात्र अजून हाताने हलवूनच उठवावा लागतो. सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली ती शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणूनच, आणि 2023 साली तिचा दुसरा अवतारही आला. ज्यांच्या फीडरला सौर लाईट लागली ते शेतकरी लग्नात लगेच ओळखू येतात. फोटोत त्यांचे डोळे उघडे असतात.

शेतकऱ्यापाशीच हे थांबत नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटले, की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून सगळीकडे तीन पाळ्या सुरू. टोळ्या पहाटेच फडात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मध्यरात्री गाणं लावून कानठळ्या बसवत जातो तेव्हा अख्खी आळी त्याच्या ड्रायव्हरचा उद्धार करते. पण ते गाणं आळीला उठवायला नसतं, त्याला स्वतःला जागं ठेवायला असतं. आपल्या झोपेच्या बदल्यात तो रस्त्यावर राहतो, हा सौदा तसा वाईट नाही. शेजारी कागद कारखाना, तिथेही यंत्राला रात्र-दिवस नाही. आणि पाण्यावर मच्छीमार. संध्याकाळी जाळी टाकायची, अंधारातच काढायला जायचं आणि सकाळच्या लिलावाला बाजारात हजर. लिलावात बोली लावणाऱ्याने मान हलवली की ‘वाढवली’ असं धरतात. पेंगणाऱ्याची मानही वरखालीच हलते. शहाणा व्यापारी म्हणूनच आधी दोन चहा मारतो आणि मग पुढे उभा राहतो.

त्यातून हिवाळ्यात होडीवाल्यांच्या मागे पक्षी लागतात. कुंभारगाव आणि डिकसळच्या पाण्यावर रोहित उतरले, की पुण्याचा पर्यटक पहाटे तीनला उठतो, पोरांना झोपेतच गाडीत भरतो आणि लाखाचा कॅमेरा सावरत येतो. त्याला पाण्यावर न्यायचं म्हणून होडीवाला त्याच्याही आधी उठलेला. एवढ्या दोन जागरणांनंतर दोघांना मिळून दिसतं काय, तर बऱ्याचदा एका पायावर उभा राहून, मान पिसांत खुपसून गाढ झोपलेला पक्षी. या एका पायाच्या झोपेवर अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी 2017 साली संशोधन छापलं. त्या अवस्थेत पक्ष्याला स्नायूंचा जोर जवळजवळ लावावाच लागत नाही. मेलेला रोहितसुद्धा एका पायावर तोलून उभा करता येतो, असं त्यांना आढळलं. आमच्याकडच्या पॅसेंजर गाडीत ज्याने दोन पोत्यांच्या मध्ये उभ्याने झोप काढली आहे, त्याला याचं काही विशेष वाटणार नाही.

बदकांचं आणखी पुढे गेलेलं आहे. थव्याच्या कडेला बसलेलं बदक अर्धा मेंदू झोपवतं आणि अर्धा जागा ठेवतं. बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा, आतल्या बाजूचा बंद. 1999 साली हे प्रयोगाने सिद्ध झालं. भिगवण परिसरातल्या कोणत्याही ग्रामसभेला हजर राहिले असते तर शास्त्रज्ञांचा बराच खर्च वाचला असता. कडेच्या खुर्चीवरचे सदस्य नेमके असेच बसतात. एक डोळा मिटलेला आणि दुसरा ठेकेदाराच्या बिलाचा विषय कधी निघतो यावर.

बदकाला जमतं ते माणसाला जमत नाही, ही खरी अडचण आहे. माणसाला झोप पुरीच लागते. ती रात्री मिळाली नाही तर तो दिवसा वसूल करायला बघतो, आणि दिवस त्याला देत नाही. मग झोपेचं पीककर्ज साठत जातं. व्याज रोज चढतं, कर्जमाफी कुठल्याच सरकारच्या हातात नाही. रविवारी दहापर्यंत लोळून फार तर पुनर्गठन होतं.

हे कर्ज किती झालंय ते मोजायची एक सोपी पद्धत आहे. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती 1991 साली प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात आणि प्रत्येकात तुम्हाला डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण 24. दहाच्या वर गेलात की डॉक्टरांना भेटा. मी हा कागद घेऊन पारावर आबांपाशी गेलो. ते डोळे मिटून बसले होते.

‘आबा, झोपला व्हय?’

‘न्हाय रं. डोळं झाकून इचार करतुय.’

‘कशाचा?’

यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. मी एक गुण मनात टाकून घेतला.

पहिला प्रश्न, बसून वाचताना. आबांनी विचारलं, ‘कंच्या पानावर?’ गुन्ह्यांच्या पानावर शून्य आणि अग्रलेखावर तीन, असं ठरलं. आम्ही अग्रलेख धरला. टीव्ही बघताना: तीन, पण मालिका पुढे सरकलेली नसते म्हणून नुकसान काही होत नाही. सार्वजनिक ठिकाणी नुसतं बसलेलं असताना: सप्त्यातलं कीर्तन म्हणजे तीनच. यात आबांचं कसब असं, की टाळ हातात असेल तर डोळे मिटले तरी टाळ चुकत नाही, आणि कीर्तनकारांना वाटतं माणूस तल्लीन झाला. मोटारीत तासभर प्रवासी म्हणून बसताना: आबा एकदा बारामतीला निघाले होते, पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, ते बारामतीत उतरलेच नाहीत, डेपोतल्या झाडणाऱ्याने उतरवलं. तीन. दुपारी आडवं पडताना: ‘ह्यो काय इचारायचा प्रश्न हाय?’ तीन.

सहावा, कोणाशी बोलत बसलेलं असताना: तो मघाचाच एक. सातव्या प्रश्नावर मात्र गडबड झाली. मूळ प्रश्न आहे, दारू न घेता जेवण झाल्यावर शांत बसलेले असताना. आबा माळकरी. ‘दारू न घेता म्हंजी? माळकऱ्याला असलं इचारत्यात व्हय तुझं डॉक्टर?’ मेलबर्नच्या वतीने मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी दोन गुण दिले. गाडी रस्त्यात थांबली असताना, या शेवटच्या प्रश्नाला ते म्हणाले, आधी टोलनाक्यावर रांगेत चांगली दहा मिनिटं मिळायची, फास्टॅग आल्यापासून तेवढीही झोप गेली. एक.

बेरीज 19. कागद नीट न्याहाळून आबा म्हणाले, ‘चोवीसात एकोनीस! साळंत एवढं पडलं असतं तर मी मास्तर झालो असतो.’

आबांचं दुखणं निदान उघड आहे. लाईट दिवसाची झाली की चारेक दिवसांत त्यांचा चेहरा उतरतीवरून चढतीला लागतो. खरा घोळ आमच्या तात्यांचा. तात्यांचं कापडाचं दुकान. त्यांनी जन्मात दारं धरली नाहीत. रात्री दहाला अंथरुणावर, सकाळी सातला चहा. नऊ तास घोरून झोपलेला हा माणूस अकरा वाजता साडीची घडी दाखवता दाखवता तिच्यावरच मान टाकतो. गिऱ्हाईक बायका आधी हसायच्या, मग दुसऱ्या दुकानात जायला लागल्या. घरी चिडचिड. उधारीच्या वहीत एकाच्या नावावर दुसऱ्याचा आकडा. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या झाल्या, तिसरी दाराशी उभी. गावाने निदान करून टाकलं होतं: पैसा आला, अंग आलं, सुस्ती आली.

तात्यांच्या घोरण्याला घरात मान होता. ‘कसा गाढ झोपलाय बघ’ असं आई कौतुकाने म्हणायची. घोरण्याचा मान आपल्याकडे फार जुना नाही, हे मात्र मला नंतर कळलं. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा समास झोपेवरच लिहिला आहे आणि त्यात घोरणारे, दात खाणारे, मुंडासं गडगडत गेलेलं अशा सगळ्यांची यथासांग खोड मोडली आहे. गंमत म्हणजे त्याच्या लगेच पुढचा, दहावा समास वाईट श्रोत्यांच्या लक्षणांवर आहे. माझी खात्री आहे, नववा ऐकताना पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी मान पडली असणार.

तात्यांची खरी नस सापडली ती त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या दुसऱ्या काकूंना. त्या म्हणाल्या, ‘ते घोरत असतात तोवर मला झोप लागते. घोरायचे थांबले की मी उठून बसते.’ कारण थांबल्यावर श्वासही थांबलेला असायचा. मग एकदम मोठा हिसका, घशातून भलता आवाज, आणि पुन्हा घोरणं चालू. बारामतीच्या डॉक्टरांनी हे ऐकून पहिला प्रश्न विचारला, ‘शर्टाची कॉलर किती?’ तात्यांना वाटलं डॉक्टरांना कापड घ्यायचंय. व्यवसायाच्या सवयीने त्यांनी झटकन सांगितलं, ‘साडेसतरा.’ पुरुषाचा गळा सतरा इंचांच्या वर गेला की डॉक्टरांचे कान टवकारतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बुजते, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू घाबरून माणसाला क्षणभर उठवतो. माणसाला याचा पत्ता नसतो. हे तासाला तीस किंवा जास्त वेळा झालं की आजार तीव्र. म्हणजे तात्या नऊ तास झोपत नव्हते. नऊ तास उठत होते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. डिकन्सने 1836-37 मध्ये लिहिलेल्या पिकविक पेपर्समध्ये उभ्या उभ्या झोपणारा एक लठ्ठ पोरगा आहे, जो. हसवायला घातलेलं ते पात्र इतकं अचूक निघालं, की 1956 साली डॉक्टरांनी अशाच एका रुग्णावर लिहिताना आजाराला पिकविकचं नाव दिलं. तोवर जवळजवळ एकशेवीस वर्षं लोक नुसतेच हसत होते.

उपाय म्हणून वजन उतरवायला सांगितलं आणि नाकाला मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र दिलं. ऑस्ट्रेलियाच्याच कॉलिन सुलिव्हन यांनी ते 1981 साली लोकांपुढे आणलं. पहिल्या रात्री मास्क बांधलेले तात्या बघून धाकटा नातू रडत पळाला. आठवडाभरात मात्र तात्या साडीच्या घड्या जागेपणी घालायला लागले आणि उधारी नेमक्या माणसाकडे मागायला लागले. गावात त्याबद्दल नाराजी आहे. एवढंच, की ते यंत्र विजेवर चालतं. त्यामुळे भिगवण परिसरात रात्रीची लाईट मनापासून हवी असणारा तात्या हा एकच माणूस आहे.

सगळ्यांच्या पेंगेमागे मास्क निघेल असं नाही. कोणाचं हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, कोणाचा थायरॉइड मंदावलेला, कोणाची साखर चढलेली, कोणी सर्दीची गोळी घेतलेली आणि कोणी रात्री एकपर्यंत मोबाईलमध्ये दुसऱ्यांची लग्नं बघत बसलेला. बायकांची पेंग तर कोणी मोजतच नाही. रात्री दारं धरून आलेल्याला पहाटे चहा हवा, शाळेच्या पोराला डबा हवा, गाईला धार हवी; हे सगळं करणारी बाई दुपारी भिंतीला टेकली तर ‘बसलीय’ म्हणतात. पोरांच्या झोपेची दखल निदान सरकारने घेतली. 2024 साली आदेश निघाला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पाचवीत गेल्यावर विद्यार्थी झोपेच्या बाबतीत सज्ञान होतो, असा त्याचा अर्थ असावा.

वर्गात, कीर्तनात, ग्रामसभेत पेंगण्याने फारसं कोणाचं बिघडत नाही. हायवेवर बिघडतं. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपून घेतो आणि माणूस शपथेवर सांगतो, मी जागा होतो. ताशी ऐंशीच्या वेगात चार सेकंद म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर. गळिताच्या हंगामात पुणे-सोलापूर रस्त्यावर नव्वद मीटरच्या आत कुठेतरी पाठीमागे दिवा नसलेली, उसाच्या मोळ्यांनी रस्त्यावर लोंबलेली ट्रॉली उभी असतेच, आणि तिच्याखाली तिचा ड्रायव्हरही झोपलेला असतो. काच खाली करणं, गाणं मोठं करणं, मावा तोंडात टाकणं, स्वतःच्या थोबाडीत मारून घेणं हे सगळे उपाय लोकांनी करून पाहिलेले आहेत. त्यांनी झोप जात नाही, फक्त गाल सुजतो.

तेव्हा मासे खाऊन परत निघताना जांभयांवर जांभया यायला लागल्या, मागचा किलोमीटरचा दगड कोणता गेला ते आठवेना, की गाडी ढाब्याच्या आवारात घ्या. आधी चहा प्या आणि मग पडा. उलटं करू नका, कारण चहा अंगात भिनायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एक डुलकी होऊन जाते. हायवेलगतच्या ढाब्यांवर अजून बाजा असतात. पडायचे पैसे कोणी घेत नाही, चहाचे तेवढे द्या.